पाणपोईचं ओगराळं

"मग यात उणं काय आहे, बुवा?"

नरहरबुवा पाणपोईत बसले होते. ते रांजणाच्या तोंडावर फडकं बांधत होते.

दगडी कट्ट्यावर सारंगचं ओगराळं ठेवलेलं होतं. तांब्याचं, लांब दांड्याचं, बगळ्याच्या मानेसारख्या वळणाचं. त्याला पुढे बारीक चोच काढलेली. उन्हात असं झळकत होतं की नजर ठरेना.

"सांगा ना. काय उणं आहे?"

"काही नाही."

"मग हातात तरी घ्या!"

"बघितलं की. बघण्यासारखं आहे."

सारंगला आधी बरं वाटलं. मग वाटेना.

हा सारंग निमकर पुण्याचा. जाहिरातींची चित्रं, अक्षरं, लेबलं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लोणच्याच्या एका बाटलीसाठी त्यानं लेबल केलं, तर ते लोणचं दुकानात उरेना. बक्षीस मिळालं. ती बाटली त्यानं मोठ्या ऐटीत आईला नेऊन दिली. आईनं ती फिरवून फिरवून पाहिली. मग झाकण पिळलं, पदरात धरून पिळलं, आणि बाटली त्याच्यापुढे केली.

"चित्र फार गोड काढलंयस रे. आता उघडून दे."

ते शब्द काट्यासारखे रुतले. झाकण त्याच्याच्यानंही निघालं नाही. चित्र त्याचं होतं, झाकण दुसऱ्या कोणाचं. त्या दिवसापासून त्यानं मनाशी ठरवलं, आता वस्तूच घडवायची.

बुवांचं नाव त्याला ठाऊक होतं. घाटातल्या या मठात येण्याआधी बुवा कारखान्यात वस्तू घडवत. त्यांनी घडवलेला स्टोव्ह एके काळी घरोघर होता. सारंगच्या आईकडेही होता. सारंग आला, पायावर डोकं ठेवलं, बाटलीची सगळी गोष्ट सांगितली, म्हणाला, "मला शिकवा."

बुवांनी पाणपोईकडे बोट केलं. तिथे खुंटीला बांबूच्या दांड्याचं, करवंटीचं जुनं ओगराळं होतं.

"याच्या जागी दुसरं कर. ते इथे टांगलं गेलं, की तू माझा."

बस्स. एवढंच शिकवलं.

सारंगनं दिवाळीपासून चैत्रापर्यंत घाम गाळला. खालच्या गावात तांबटाच्या आळीत बसून ठोकायला शिकला. बोटं फोडून घेतली. आणि आज पुण्याहून मालकाचा निरोप होता, उद्या सकाळी कामावर ये, नाहीतर तुझी खुर्ची दुसऱ्याला दिली. संध्याकाळची एसटी घाटातून जायची होती. सारंगनं पिशवी भरून रस्त्याच्या कडेला ठेवलीच होती. बुवा हो म्हणाले तर राहायचं. नाही म्हणाले तर गाडीत बसायचं.

"बुवा, दांड्याचा तोल पाहा. मनगट दुखत नाही. चोच अशी काढलीय की धार रेशमासारखी पडते. एक थेंब इकडेतिकडे जात नाही. याच्या तोडीचं ओगराळं या घाटात नाही!"

"वळणावरची पाटी पण तूच रंगवलीस ना?"

"मीच. ती पाहून गाड्या थांबतात."

"थांबतात. मग?"

"मग माणसं पाणी पितात."

"कशी?"

सारंगनं भुवया उंचावल्या. हा काय प्रश्न?

बुवा उठले. वहाणा काढल्या. कट्ट्याखाली उतरले, कमरेत वाकले आणि तोंडाशी ओंजळ धरली.

"वाढ. तहान लागलीय."

सारंगनं ओगराळं रांजणात बुडवलं. उचललं. कलतं केलं.

काय धार पडली! सरळ, बारीक, अखंड. उन्हात रुप्याची तार ओढावी तशी. सारंग पाहतच राहिला. ही धार त्यानं कागदावर काढली होती, स्वप्नात पाहिली होती.

बुवा प्यायले. मग त्यांनी बोटं सैल सोडली.

धार पडतच होती.

पाणी ओंजळीतून निसटलं, कोपरावरून ओघळलं, दाढीत गेलं, छातीवर आलं. बुवांना जोराचा ठसका लागला. तेव्हा कुठे सारंगचा हात थांबला.

"अहो बुवा! पुरे म्हणून सांगायचं ना!"

बुवांनी पंच्यानं तोंड पुसलं.

"कशानं? तोंडात पाणी होतं."



सारंगचे कान तापले. "ते वाढणाऱ्यानं पाहायचं असतं. यात भांड्याचा काय दोष?"

"मी कुठे भांड्याला दोष दिला? वाढणारा कुठे पाहत होता?"

सारंगला उत्तर ठाऊक होतं. तो धारेकडे पाहत होता.

"आता तू पी," बुवा म्हणाले आणि त्यांनी ते ओगराळं पहिल्यांदा हातात घेतलं.

सारंग वाकला. ओंजळ धरली. पाणी आलं.

मान खाली. त्याला आपले तळवे दिसले. पाणी दिसलं. बुवांच्या पायाची बोटं दिसली. ओगराळं मात्र दिसलं नाही. ते बगळ्याच्या मानेचं वळण, ती झळाळी, काही म्हणता काही दिसलं नाही. नुसतं गार पाणी होतं आणि कोरडा घसा होता.

पुरे, असं त्याच्या मनात यायला आणि धार थांबायला एकच गाठ पडली.

त्यानं वर पाहिलं. बुवांची नजर त्याच्या गळ्याच्या घाटीवर होती.

वळणावर एसटीचा भोंगा वाजला.

गाडी थांबली. पाटी पाहून उतारू भराभरा उतरले आणि पाणपोईपुढे वाकले. बुवांनी ओगराळं सारंगच्या हातात दिलं आणि स्वतः मागच्या पेटत्या चुलीपाशी जाऊन बसले.

सारंग वाढू लागला. या वेळी त्याची नजर धारेवर नव्हती. एक म्हातारी घोट घोट पीत होती, तिला थेंब थेंब सोडलं. एका बाईनं करंगळी हलवली, तिथेच थांबला.

मागून एक पैलवानी गडी ओरडला, "अहो भाऊ, ही धार आहे का सुतळी? तीर्थ देताय होय? इकडे जीव चाललाय!"

सगळे हसले. सारंगही हसला. त्यानं ओगराळं पार उलटं कलवलं. पण चोच बारीक. पाणी यायचं तेवढंच आलं. गडी चडफडत प्यायला, अर्ध्यावर उठला आणि अर्ध्या तहानेनं गाडीकडे पळाला.

सारंग त्याच्या पाठीकडे पाहत राहिला.

"ओ साहेब!" कंडक्टर दारातून ओरडला. "ही पिशवी तुमची ना? येताय का राहताय?"

"जा तुम्ही!" सारंग म्हणाला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. तो चोचीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

घंटी वाजली. गाडी घाट उतरली. धूळ खाली बसली.

"उणं सापडलं, बुवा."

"हं."

"चोच बारीक आहे. मला धार दिसायला हवी होती, म्हणून बारीक ठेवली. तहानलेल्याला ती पुरत नाही. हे भांडं अजून टांगायच्या लायकीचं नाही."

बुवा उठले. खुंटीवरचं जुनं करवंटीचं ओगराळं काढलं, आणि सरळ चुलीत सारलं.

सारंग धावला. "अहो, हे काय केलंत! माझं अजून धड झालेलं नाही!"

बांबू तडतडला. करवंटीनं पेट घेतला. बुवांनी सारंगच्या हातातलं तांब्याचं ओगराळं घेतलं, रिकाम्या खुंटीला टांगलं, आणि पंचा झटकला.

"उद्या चोच रुंद कर," ते म्हणाले. "मग आईची बाटली घेऊन ये. ती अजून बंदच आहे."