बायजाच्या मापाचं ऊन

फार वर्षं झाली. आसूदऱ्याच्या तळ्याचं लोखंडी दार तेव्हा नवं होतं. ते बसताना ज्यांनी पाहिलं, त्यांची नातवंडंही आता काठी टेकत चालतात.

त्या काळी बायजा घिसाडीण गावात येत असे. तळ्याचं काम चाललं होतं तेव्हा तिनं तिथल्या छिन्न्यांना धार लावून दिली होती. जाताना मुकादमानं तिला जुनी ड्रिलं दिली आणि बोल्टाचे आटे पाडायचे दोन टॅप दिले. गावानं टाकून दिलेलं लोखंडही ती जपून ठेवायची. कुठल्या भोकाला कुठलं ड्रिल, हे लोखंड तिच्या कानात सांगतं, असं म्हणतात.

एका वर्षी तिचा बैल मेला, म्हणून ती पावसाळ्यातही गावातच राहिली. त्याच वर्षी श्रावणात अकरा दिवस ऊन पडलं नाही. तळं काठोकाठ भरलं आणि बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी पाझरू लागलं. बांधाखालच्या वाडीला बाहेर पडायला वाट नव्हती, कारण ओढा दुथडी भरून वाहत होता. त्या वाडीत भिवा पाटकऱ्याची बायको तीन दिवसांची बाळंतीण होती.

तळ्याचं पाणी सोडणं हे भिवाचंच काम. तो दाराच्या चाकाला भिडला. चाक फिरेना, तशी त्यानं पहार घालून जोर केला. तेव्हा चाकाची लोखंडी चौकट दोन्ही बोल्टांसकट उपटून वर आली. खालच्या बैठकीतले आटे पार गेले होते.

भिवानं बायजाकडून एक टॅप आणला. तीन सुती बोल्टाच्या त्या भोकात आता चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, बोल्ट बसवायचा होता. भोक आधी वाढवायला हवं होतं. पण बाळाचं रडणं बांधावर ऐकू येत होतं. त्यानं टॅप तसाच भोकात घातला आणि दोन्ही हातांनी पिळला. टॅप कट्‌कन मोडला आणि तुकडा आतच राहिला. ते भोक कायमचं गेलं.

आता एकच भोक उरलं होतं, आणि टॅपही एकच.

भिवा बायजाच्या पालापुढं जाऊन उभा राहिला. मोडका टॅप त्यानं पुढं केला.

"मोडलास ना?" बायजा म्हणाली. "चल. आता हात लावू नको कशाला."

बांधावर पाटील नवंकोरं ड्रिल घेऊन उभे होते. "हे घे, बये. साडेतीन सुती आहे."

"नवं आहे, पाटील. बरोबर नाही. नव्यानं भोक मोठं होईल, आटे वरवर पडतील. दार उचलताना बोल्ट पुन्हा उपटेल."

"मग तीन सुती घे!"

"तीन सुती भोकातच तर या लेकरानं टॅप मोडला."

तिनं चिंधीतून एक ड्रिल काढलं. साडेतीन सुतीच, पण झिजून झिजून बारीक झालेलं.

"हे कसपट?" पाटील ओरडले. "अगं, बांध जातोय! बोटं चालव!"

"घाई तळ्याला आहे, पाटील. लोखंडाला नाही. मला ऊन पाहिजे."

लोक हबकले. अकरा दिवसांत न दिसलेलं ऊन ही बाई मागत होती. पण तिनं टॅप आभाळाकडं धरला, त्याच्यापुढं ते झिजलेलं ड्रिल धरलं आणि ती वाट पाहत बसली. भिवाला वाटलं, आपला जीव त्या दोन काड्यांच्या मध्ये अडकला आहे.

आणि ढगाला भोक पडलं. ऊन आलं ते सगळीकडं नाही, फक्त तिच्या हातावर. ते भोकही टॅपाच्याच मापाचं होतं, असं म्हणतात.

"भिवा, बघ. ड्रिलाच्या दोन्ही बाजूंनी आट्यांची टोकं दिसतात?"

"दिसतात, आक्का."

"टॅपाचं पोट दिसतं? आट्यांमधला गाभा?"

"नाही. झाकलंय."

"मग हेच."

ढग मिटला. तिनं भोक वाढवलं, करडईचं तेल सोडलं आणि टॅप फिरवू लागली. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. बांधाची माती ढासळत होती, पण तिचा हात तसाच. अर्धा पुढं, पाव मागं. तिच्या हाताबरोबर पाऊसही थांबून थांबून पडत होता, असं म्हणतात.

मग चौकट जागेवर ठेवून तिनं बोल्ट बसवला. भिवानं पुन्हा पहार घालून चाक फिरवलं, बोल्ट टिकला, दार उचललं आणि पाणी गर्जत कालव्यात गेलं. रडून थकलेलं बाळ आईच्या कुशीत झोपलेलंच राहिलं.

पाटलांनी बायजाला बैल दिला. ओढा उतरताच ते ड्रिल आणि टॅप भिवाला देऊन ती गेली. कुठं गेली, कुठं मेली, कोणाला ठाऊक नाही.

पण पांदीकडेची तिच्या पालाची जागा अजून कोणी नांगरत नाही. आणि दरवर्षी रब्बीचं पाणी सोडण्याआधी पाटकरी बांधावर उभा राहून ते झिजलेलं ड्रिल टॅपापुढं धरतो.

"टोकं दिसतात?" तो विचारतो.

"दिसतात!" लहानथोर ओरडतात.

"पोट दिसतं?"

"नाही!"

मगच दार उघडतं. आभाळ भरलेलं असेल, तर सगळं गाव खाली बसतं. कोणी कोणाला घाई करत नाही. बायजाच्या मापाचं ऊन पडेपर्यंत आसूदरं वाट पाहतं.