टाकीमागची माती

"त्याला का भरू दिलीत, बापू? मला का नाही?"

विश्राम देवस्थळी अजून दारातच होता. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

बापू खासनीस खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. खेळण्यातल्या मालगाडीचा एक डबा हातात उलटा धरून, त्याच्या चाकात अडकलेला केस चिमट्यानं काढत होते.

"ये," ते म्हणाले. "चप्पल बाहेर काढ. रुळांवर धूळ येते."

विश्रामनं चप्पल काढली. खांद्यावरची पिशवी मात्र तशीच धरून ठेवली.

खोलीत टेबलाला टेबल जोडून बापूंचं कवठी स्टेशन मांडलेलं होतं. काडेपेटीएवढं तिकीटघर, बोटाच्या पेराएवढे प्रवासी, आणि फलाट संपतो तिथं पाण्याची टाकी. कवठी नावाचं गाव कुठंच नाही. बापूंनी शाळेतली चित्रकलेची नोकरी संपल्यावर ते वसवलं. मग गावातले छोट्या आगगाड्यांचे शौकीन रविवारी आपापली इंजिनं फडक्यात गुंडाळून इथं यायला लागले. विश्राम त्यांतला पहिला.

कवठीची माती म्हणजे चहाचा चोथा. बापूंच्या पत्नी, माई, सकाळचा चहा गाळून झाला की चोथा गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घालायच्या. वाळला की बापू तो चाळायचे, आणि पातळ डिंक लावून थोडा थोडा पसरत जायचे. फलाटापासून सुरुवात केली होती. टाकीपर्यंत आले, आणि माई गेल्या.

टाकीमागं तळहाताएवढी जागा पांढरीच राहिली. नुसतं प्लॅस्टर.

विश्रामनं ती भरू का म्हणून विचारलं होतं. एकदा नव्हे.

बापू दर वेळी म्हणाले, "राहू दे."

आणि परवाच्या रविवारी पाहिलं, तर ती भरलेली. रविवारच्या मंडळींतल्याच जयवंत तांबटानं भरली म्हणे.

"कवठीतली वायर न् वायर मी ओढलीय," विश्राम म्हणाला. "सिग्नल मी बसवले. तुमचे हात थरथरायला लागल्यावर रुळांचे सांधे कुणी बदलले?"

"तूच."

"आणि तांबट! त्याला अजून रूळ सरळ कापता येत नाही. त्याचं इंजिन वळणावर पडतं, आणि पडलं की हा टाळ्या वाजवतो. त्याची ती म्हैस पाहिलीत? मातीची? इंजिनापेक्षा मोठी आहे, बापू."

"दुभती असेल."

"थट्टा नको."

"बरं."

बापूंनी केस ओढून काढला. उजेडात धरून पाहिला आणि खिडकीबाहेर सोडून दिला.

"लोक त्या म्हशीभोवतीच जमतात," विश्राम म्हणाला. "परवा माझा सिग्नल लाल झाला, गाडी आपोआप थांबली. बरोब्बर खुणेवर. कुणी पाहिलं? सगळे तिकडं हसत होते. तुम्हीसुद्धा."

"हसलो खरा."

"तुम्हाला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. माई गेल्यापासून."

. . .

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. होत नव्हती.

विश्राम टाकीपाशी वाकला.

"हे बघा. बोटाचा ठसा उमटलाय त्याचा. डिंक ओला असताना दाबलंय."

"हो. अंगठा आहे."

"मी असं काम केलं असतं तर?"

"तू असं केलंच नसतंस."

विश्रामला हे कौतुक वाटलं. क्षणभरच.

"मग मला का दिली नाहीत?"

"तू काय आणलं होतंस?"

"परदेशी माती. पाकिटातली. सगळे तीच वापरतात."

"आणि तांबटानं काय आणलं, विचार."

"काय आणलं?"

"काही नाही. रिकाम्या हातानं येतो. बिस्किटंसुद्धा माझीच खातो."

विश्राम उभा राहिला.

"मग त्याच्यात आहे काय?"

बापूंनी डबा रुळांवर ठेवला. बोटानं ढकलला. डबा गुमान टाकीपर्यंत गेला आणि थांबला.

"माई गेल्यावर मी चहा सोडला होता," ते म्हणाले. "सोडला म्हणजे... एकट्यासाठी पातेलं चढवावंसं वाटेना. हा आला एका दुपारी. इंजिनातली मोटार जळाली होती त्याची. बसला, आणि म्हणाला, बापू, चहा टाका."

"मग?"

"टाकला."

"मग?"

"परत आला."

"रोज?"

"मनाला येईल तेव्हा. अडीच चमचे साखर लागते त्याला. डॉक्टरांनी नको म्हटलंय, घरी बायको देत नाही. म्हणून इथं येऊन पितो आणि तिची नक्कल करून दाखवतो."

"आणि मातीचं कधी बोलला?"

"तो? त्याला ती जागा पांढरी आहे हेच ठाऊक नव्हतं. बर्फ वाटला त्याला. कवठीत!"

बापू हसले. विश्राम हसला नाही.

"एकदा चोथा टाकायला गेलो," बापू म्हणाले, "आणि हात आपला गॅलरीतल्या कागदाकडं गेला. सवयीनं. मग साठत गेला. गेल्या आठवड्यात म्हटलं, जयवंता, हे एवढं पसर रे तिथं, माझा हात थरथरतो."

"मी होतो की, बापू."

"होतास."

. . .

विश्रामनं खांद्यावरची पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली. आतून काचेची बरणी काढली. बरणी काठोकाठ भरली होती.

"मलाही करता येतं," तो म्हणाला. "हे घ्या. चहाच आहे. तोच, माई आणायच्या तो. मुद्दाम त्याच दुकानातून आणला. वाळवला, तीन चाळण्यांतून काढला. त्याच्यापेक्षा बारीक आहे. बघा तर."

बापूंनी झाकण उघडलं. वास घेतला.

चिमूटभर काढून टाकीमागं, अंगठ्याच्या ठशाशेजारी ठेवली. चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. विश्रामही वाकला. दोघांची डोकी टाकीवर जवळजवळ टेकली.

कुठली कुणाची, सांगता येत नव्हतं.

"सारखीच आहे," बापू म्हणाले.

"आहे ना?"

"अगदी सारखी."

"मग?" विश्रामचा आवाज चढला. "मग त्याची इथं बसते आणि माझी का नाही? सांगा ना. काय चुकलं माझं?"

बापू बरणी हातात तोलत होते.

"बरीच केलीस रे."

"किलोभर आणला होता."

"किती दिवस लागले?"

"दिवस कसले? एका दुपारी केली. मोठ्या पातेल्यात सगळा उकळला. घरी शोभा विचारत होती, पाहुणे किती यायचेत म्हणून."

"आणि चहा?"

"कुठला चहा?"

"गाळून निघाला असेल ना. तो."

विश्रामनं बापूंकडं पाहिलं. प्रश्न त्याच्या ध्यानात येत नव्हता.

"तो... मोरीत ओतला."

"सगळा?"

"सगळाच. काळाकुट्ट होता. त्याचं काय करायचं?"

. . .

स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

बापूंनी झाकण लावलं. घट्ट बसतंय ना पाहिलं, आणि बरणी खिडकीत ठेवली. उन्हात ती सुरेख दिसत होती.

"माई विचारायची तुला," ते म्हणाले. "अर्धा कप घेणार का, म्हणून."

"माझे हात तेलकट असायचे."

"हो. दर वेळी तेच सांगायचास."

"काम असायचं, बापू. तुमचंच."

"माझंच."

विश्रामनं टाकीकडं पाहिलं. फलाटापासून टाकीपर्यंतची माती एकसारखी तपकिरी होती. त्यातली एवढी एवढी एकेका सकाळची. तो शेजारी बसून रूळ जुळवत असायचा, तेव्हा आत गाळणीचा आवाज यायचा. त्यानं तो ऐकला होता. मान वर केली नव्हती.

टाकीमागं अंगठ्याचा ठसा होता. जाड, वेडावाकडा. त्याला तो अजूनही पुसून टाकावासा वाटत होता.

त्यानं पिशवीची घडी केली.

"मी निघतो," तो म्हणाला. "वर्कशॉपमध्ये..."

बापू स्वयंपाकघरात गेले होते. नळ वाहिल्याचा आवाज आला. मग पातेलं गॅसवर ठेवल्याचा. मग लायटर दोनदा नुसताच वाजला, तिसऱ्यांदा पेटला.

विश्राम दारापर्यंत गेला. एका पायात चप्पल सरकवली. दुसरी पुढं ओढली, आणि तसाच उभा राहिला.

आतून डबा उघडल्याचा आवाज आला.

"विश्राम," बापूंनी हाक मारली, "साखर किती घेतोस रे तू?"