निघून गेलेला समुद्र

समुद्र आपली जागा सोडून निघून गेला, असं कधी ऐकलं आहे का तुम्ही?

एका राज्यात ते घडलं. तिथल्या राजाने मायाधर मांत्रिकाच्या सांगण्यावरून एक जाळं विणून घेतलं. भोकं इतकी बारीक, की माशाचं मोहरीएवढं पिल्लूही सुटू नये. मंत्र मायाधराचा, हात कोळणींचे, आणि त्यांत हरकूचा हात सगळ्यांत चपळ. तीन दिवस जाळं भरभरून निघालं. खाऊन उरलं ते किनाऱ्यावर कुजलं. चौथ्या दिवशी समुद्र उठला आणि नजरेपलीकडे निघून गेला. हरकूचा नवरा पोशा तेव्हा होडीत होता. तोही गेला.

मग ढग येईनात. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांच्याही विहिरी आटल्या.

हरकू कोरड्या तळावरून चालत निघाली. चिखलात ते जाळं पसरलं होतं आणि त्यावर एक पाणकावळा बसला होता.

"माझा धनी कुठे आहे?"

"समुद्र आहे तिथे. जिवंत आहे. पण हे जाळं उकलल्याशिवाय समुद्र यायचा नाही."

"आत्ता कोयत्याने कापते!"

"काप की. दुप्पट होईल. ज्याने गाठ मारली, त्याच्याच हाताने ती सुटेल."

हरकूने साऱ्या कोळणींना हाक दिली. सात दिवस बोटं सोलवटून त्यांनी आपापल्या गाठी सोडवल्या.

मग ती मायाधराकडे गेली. तो म्हणाला, "मंत्राची गाठ सोडली तर माझी विद्या जाईल."

"राहू द्या विद्या. प्यायला काय घ्याल?"

मांत्रिकाने रिकाम्या रांजणाकडे पाहिलं आणि तिच्यामागून येऊन आपली गाठ सोडली.

तरी एक गाठ उरली.

"ही मुहूर्ताची, खुद्द राजाने मारलेली," पाणकावळा हसला. "आता जा राजवाड्यात!"

हरकू दरबारात उभी राहिली. "महाराज, एक गाठ आपली आहे."

"सेवक पाठवतो."

"सेवकाच्या हाताने सुटत नाही, महाराज."

राजा उठला. चिखलात त्याचे जरीचे जोडे रुतले, ते तिथेच सोडून तो अनवाणी जाळ्यापाशी बसला. ओढून ओढून त्याचे हात लाल झाले.

"गाठ मारायला शिकवलंत, सोडवायला कुणी शिकवलं नाही," राजा म्हणाला.

"ओढू नका, महाराज. ओढलं की आवळते. दोर उलटा आत ढकला, आधी सैल होऊ द्या."

दिवस कलला तेव्हा गाठ सुटली. मंतरलेलं जाळं शेवाळ होऊन चिखलात विरघळलं, आणि दूर कुठेतरी गाज उठली.

"आता बसता काय?" पाणकावळा ओरडला. "पळा!"

राजा पळाला, मांत्रिक पळाला, कोळणी हसत हसत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर पोशाची होडी किनाऱ्याला लागली.