पोवळ्यांचा पाहुणचार

राजे स्वतः वेशीपर्यंत चालत जाऊन पाहुणा घेऊन येत, इतक्या जुन्या काळी एक राज्य होते. त्या राज्याला आपल्या पाहुणचाराचा भारी अभिमान. दारी आलेल्याला सुगंधी पाण्याने न्हाऊ घालायचे, घरातल्या सर्वांत उंच जागी बसवायचे, आणि आठ दिवस त्याला जागचे हलू द्यायचे नाही की कामाला हात लावू द्यायचा नाही. रीत चांगली होती. फक्त ती माणसांसाठी होती.

त्या राज्याच्या समुद्रकाठी एक म्हातारी राहायची. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत जिवंत पोवळी वाढत. त्यांची राखण ती लहानपणापासून करी. आता जिवंत पोवळे म्हणजे सोनाराच्या पेटीतला खडा नव्हे, बरे का. ते दिसते दगडासारखे, पण त्याला शेकडो इवलाली तोंडे असतात. ती उघडतात, मिटतात, खातात. पोवळ्यांच्या आडोशाला मासे अंडी घालत आणि त्या माशांवर अख्खे गाव जेवत असे.

मग राजाने जवळच बंदर खणायला घेतले. गाळ उसळला आणि पोवळ्यांवर बसला. खडकच्या खडक मेले. उरल्या बारा फांद्या. म्हातारीने त्या समुद्राच्या पाण्यासकट लाकडी पिंपात ठेवल्या, वर झाकण घातले आणि चार दिवस बैलगाडीत बसून राजधानी गाठली. राजवाड्याच्या अंगणात खाऱ्या पाण्याचा पायऱ्यांचा हौद आहे, असे तिने ऐकले होते.

"महाराजानू," ती म्हणाली, "गाळ खाली बसापर्यंत हेंका तुमच्या हौदात ऱ्हवांदेत. मगे मी परत नेतलंय आणि खडकार लावतलंय. दर्यात आता दुसरा बियाणा उरूक नाय."

राजा मनाने चांगला होता. तो म्हणाला, "आजी, बंदर आमचे, तेव्हा ही काळजीही आमची. आजपासून ही पोवळी आमची पाहुणी."

म्हातारीला हायसे वाटले. तिथेच घात झाला.

ती राजाच्या कारभाऱ्याला समजावू लागली. "तुमच्या हौदाचा पाणी येगळा. ता पिंपात थेंब थेंब पडांदे, अर्धो दिस. मगे हेंका हौदाच्या तळाक ठेवा, सावलीत. चार दिस काळोखात होती ती. दर दोन दिसांनी एक पायरी वर घ्या. घाई हेंका सोसणा नाय."

"तळाला?" कारभारी दचकला. "राजाच्या पाहुण्यांना तळाला, अंधारात? आजी, तुमचा संकोच कळतो आम्हाला. पण लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"संकोच नाय ओ, माका करूक द्या," असे म्हणत म्हातारीने पदर खोचला. पण तीही पाहुणीच होती. दोघी दासी हसत हसत पुढे आल्या आणि तिला न्हाणीघरात घेऊन गेल्या. ती आतून ओरडत राहिली. दासींना वाटले, पाणी जरा कढत झाले असेल.

इकडे कारभाऱ्याने कसलीच कसर ठेवली नाही. एकेक फांदी गुलाबपाण्याच्या घंगाळात बुचकळली, रेशमी फडक्याने टिपली आणि हौदाच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ऐन उन्हात, मानाने बसवली. अकरा फांद्या झाल्या. बारावी वाटेत मोडली होती. मोडक्याला मान कसा द्यायचा, म्हणून ती पिंपातच राहिली आणि पिंप गेले जिन्याखाली.

म्हातारी बाहेर आली तेव्हा अकराही फांद्यांची तोंडे मिटलेली होती. तिने हात जोडले, "हेंका खाली न्हेवा." कारभारी म्हणाला, "मानाच्या जागेवरून आठ दिवस उठवता येत नाही, आजी. अपशकुन होतो."

मग ती जिन्याखाली गेली. दुपारी दासी डोळे मिटून पडल्या की ती हौदातले पाणी लोट्यात आणी, लोट्यात पदराची चिंधी सोडी आणि चिंधीच्या टोकाने ते पाणी पिंपात ठिबकत ठेवी. मोडकी फांदी सावलीत पडून होती. तिला कोणी ओवाळत नव्हते, म्हणून ती जगत होती.

आणि वर? वर अकरा फांद्यांचा रंग उतरत गेला. तपकिरी गेला, हिरवा गेला, आणि आठव्या दिवशी त्या मिठासारख्या पांढऱ्या झाल्या. त्या मेल्या होत्या. पण दरबार हौदाभोवती जमला आणि वा वा करू लागला. कोणी म्हणाले, मोगरा फुलला. कोणी म्हणाले, राजाच्या कीर्तीचा रंग आला. इतक्या शहाण्या माणसांत एकानेही पाण्यात वाकून त्यांची तोंडे पाहिली नाहीत.

त्याच दिवशी जिन्याखालच्या फांदीने आपली सगळी तोंडे उघडली. म्हातारीला रडू फुटले. ही एक पुरे होती. हिच्यावरून खडक पुन्हा उठला असता, तिच्या हयातीत नाही तर तिच्या नातवंडांच्या.

तिने गप्प बसायला हवे होते. पण खरे काय ते दाखवायचा मोह कोणाला सुटतो? तिने राजाचा हात धरला आणि त्याला जिन्याखाली आणले. "बघा महाराजानू, ही जिती असा. ती वरची मेली. जिती पोवळी अशी दिसतत."

राजाने एकदा वर पाहिले, तिकडे पांढरा लखलखाट होता. एकदा खाली पाहिले, तिथे पिंपात एक मळकट तपकिरी मोडकी फांदी होती. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

"आमच्या घरात पाहुणा आठ दिवस जिन्याखाली?" तो कारभाऱ्यावर कडाडला. "बघा बिचारीची काय दशा झाली! आत्ताच्या आत्ता वर घ्या. हिला दुप्पट मान."

"नको! नको!" म्हातारी किंचाळली.

राजा हळुवारपणे म्हणाला, "आजी, तुम्ही फार सोसलेत. आता काही बोलू नका." आणि त्याने स्वतःच्या हातांनी, दोन घंगाळे गुलाबपाण्यात न्हाऊ घालून, ती फांदी वरच्या पायरीवर ठेवली.

चार दिवसांत तीही पांढरी झाली. राजाने म्हातारीला शाल दिली, नारळ दिला आणि वेशीपर्यंत चालत पोचवले.

वर्षभराने बंदराचा गाळ खाली बसला. पाणी इतके नितळ झाले की खडकाचा तळ दिसे. गावकऱ्यांनी म्हातारीला किनाऱ्यावर आणले आणि म्हणाले, "लाव आता."

तिने रिकामे हात दाखवले. मासे आले नाहीत. माणसे एकेक करून गाव सोडून गेली. राजधानीतला तो पांढरा हौद मात्र अजून लोक लांबून बघायला येतात, आणि त्यांचे स्वागत फार उत्तम होते, असे म्हणतात.

तात्पर्य : ज्याला जगवायचे आहे त्याला आपल्या रीतीने नव्हे, त्याच्या चालीने घरात घ्यावे, नाहीतर आपले प्रेमच त्याला मारते.