कॅलेंडुलाचं शेवटचं फूल

झाडं आणि माणसं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाबाईंच्या परसात कॅलेंडुलाचं एक झाड होतं. थंडीभर बाई त्याची केशरी फुलं खुडून तेलात मुरवायच्या आणि मलम करायच्या. खुडलं की झाड पुन्हा फुलायचं, म्हणून त्याची कधी तक्रार नव्हती.

फाल्गुन संपत आला, ऊन तापलं आणि झाडावर एकच फूल उरलं. झाड म्हणालं, "बाई, एवढं राहू द्या. याचं बी झालं नाही, तर माझ्यामागे काही उरणार नाही."

"नाही खुडणार," बाईंनी शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी सगुणा कुंभारीण आली. भट्टी उघडताना तिचा हात भाजला होता आणि मलमाची डबी तर रिकामी होती. बाईंनी फुलाकडे बघायचंही टाळलं.

शेवटी झाडच म्हणालं, "तुमच्या शब्दातून मी तुम्हाला मोकळं करतो. घ्या फूल."

बाई खाली बसल्या. त्यांनी देठ मोडला नाही. नुसत्या पाकळ्या एकेक करून काढल्या आणि मधला गोंडा तसाच ठेवला. पाकळ्या वाटून त्यांनी सगुणाच्या हातावर लावल्या.

"काय हे ध्यान!" शेजारची जास्वंद त्या बोडक्या फुलाला हसली.

काही दिवसांनी त्या बोडक्या गोंड्यात वाकडं, खरखरीत बी धरलं. तोवर झाड वाळत आलं होतं. बाईंनी निम्मं बी सगुणाच्या ओंजळीत ठेवलं. तिने बरा झालेला हात झाडावरून फिरवला.

"तुझी लेकरं कुठे लावू रे?"

"ऊन येईल तिथे," झाड म्हणालं, "आणि फुलं खुडायला संकोचू नकोस."