बारकूनं मामांचा कडूपणा काढला

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं.

एका गावात बारकू नावाचा एक भोळा भाऊ होता. त्याच्या बहिणीचं, रंजूचं, लग्न जुळत आलं होतं. फक्त मुलाच्या मामांचा होकार यायचा होता. आईनं बारकूच्या हातात साखरेचा पुडा दिला.

"मामांकडे जा. घरात जो दिसेल त्याचं आधी तोंड गोड कर. मगच बोल."

बारकू गेला. मामांची म्हातारी आई पहाटेच वारली होती. सगळं घर रडत होतं. बारकूनं एकेकाच्या तोंडात साखर घातली. मामांच्या तोंडात दोनदा घातली, कारण पहिली त्यांनी थुंकली.

घरी आल्यावर बारकूच्या आईनं कपाळाला हात लावला. "अरे येड्या, मयतीला कडुलिंबाचा पाला चावतात! माणसं रडताना दिसली की साखर नाही, पाला!"

"असं होय," बारकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताची पाठवणी होती. नवरी रडत होती, तिची आई रडत होती. बारकू पाला घेऊन धावला. नवरी तोंड उघडेना, म्हणून तिचा वाटा नवऱ्या मुलाला दिला. वऱ्हाडानं बारकूला वेशीपर्यंत पिटाळलं.

तिकडे मामांचा राग काही जाईना. आईला घास गोड लागेना. बारकू शाळेतल्या गुरुजींकडे गेला. गुरुजी ओसरीवर शेंगा सोलत होते.

"गुरुजी, माणसाचं मन कडू झालं तर?"

"इंग्रजीत कडूला बिटर म्हणतात, बारकू. फार जुना शब्द. चावण्यावरून आलाय. जिभेला चावतं ते बिटर, मनाला चावत राहतं तेही बिटर. आपण मयतीहून येताना काय करतो? चावायचं, थुंकायचं, मोकळं व्हायचं."

"आणि नाही झालं मोकळं तर?"

"तर परत चावायचं," गुरुजी हसले.

तेरावं झालं आणि मामा आले. आईनं त्यांचे पाय धरले. "पोरीकडे बघून माफ करा, दादा."

मामा विरघळले. "करतो. पण मन अजून जरा कडूच आहे हो."

"आये, तू सर," बारकू म्हणाला. त्यानं मामांचा कान चावला. अंगणात जाऊन थुंकला. परत येऊन विचारलं, "झालं का मोकळं?"

"नाही!" मामा किंचाळले.

बारकूनं दुसरा कान धरला.

रंजू गुणाची पोर आहे, अजून लग्नाची आहे. कुठं स्थळ असेल तर कळवा, चार घरी सांगा. मुलाला मामा नसला तर बरं.