बिलोरी परात

त्या टेकडीवर घडून गेलेलं सगळं पाण्यात दिसे, आणि सगळ्यांनाच अंधुक दिसे. नदीतले शिंपले आपल्यासमोर घडलेला प्रसंग पोटात धरून ठेवत. असा शिंपला सापडला की तो बिळात आणायचा, मातीच्या कुंडात पाणी भरायचं आणि शिंपला उघडून आत सोडायचा. मग तो प्रसंग पाण्यावर हलू लागे. पण कुंड मातीचं, त्यामुळे पाणी नेहमी गढूळलेलं. दिसला तो ससा की घूस, यावर जेवण संपेपर्यंत वाद चालत. तरी दिवस बरे चालले होते, निदान ज्यांना कुणावर सूड उगवायचा नव्हता त्यांचे.

साळूला उगवायचा होता.

तिच्याकडे एकच शिंपला होता, पुराच्या दिवसाचा. चार पावसाळ्यांपूर्वी तिचा नवरा साळिंदर त्या पुरात वाहून गेला. पाणी ओसरल्यावर काठावरच्या चिखलात तिला तो शिंपला मिळाला, आणि तेव्हापासून रोज दुपारी ती तो कुंडात सोडून बसे. पाण्यावर दिसे ते एवढंच: साळिंदर गटांगळ्या खात काठाशी येतो. काठावर करवंदीची एक काळी जाळी असते. तो जाळीला धरतो आणि लगेच सोडतो. जाळीच्या पलीकडून मुंगूस पंजा पुढे करतो आणि झटकन मागे घेतो. पुढे नुसतं पाणी.

साळिंदराने जाळी का सोडली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. करवंदीला काटे असतातच. पण मुंगसाने पंजा का मागे घेतला? साळूने हे एवढंच धरून ठेवलं आणि चार वर्षं जपलं.

मुंगूस शेजारच्याच बिळातला. साळिंदराचा जिवलग, साळूला वहिनी म्हणणारा. पुरानंतर तिने त्याला भावोजी म्हणणं सोडलं, मग अहोजाहो सोडलं, आणि पुढे त्याच्या दाराकडे तोंड करून थुंकण्याचा नेम धरला. पुरापासूनच त्याचा उजवा पंजा सुजून वाकडा झाला होता. तो लंगडत जाऊ लागला की साळू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणे, "ज्या पंजाने दगा दिला तोच सडला. न्याय आहे म्हणायचा." मुंगूस ऐकून घेई आणि आपल्या बिळात शिरे. उलटून बोलला असता तर तिचा राग थोडा तरी निवला असता. तो बोलत नव्हता, आणि तिला त्याचाच संताप येई.

त्या वेळी ती स्वतः कुठे होती, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असे. वारुळापलीकडे कंद उकरत होते. हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या कंदांची चवही तिला आठवू लागली होती.

टेकडीचा कारभार म्हाताऱ्या कासवाकडे होता. बुडत्याला सोडणाऱ्याने टेकडी सोडायची, असा तिथला जुना दंडक. साळू दर वर्षी कासवाकडे जाऊन मुंगसाला हाकला म्हणून सांगे. कासव दर वर्षी कुंडात डोकावे आणि मान आत घेऊन म्हणे, "बाई, अशा गढूळ पाण्यावर मी कुणाला घराबाहेर काढणार नाही. नीट दाखव, उद्या काढतो."

त्या हिवाळ्याच्या तोंडी खंड्या बिलोरी पराती विकायला घेऊन आला. निळे पंख, लांब चोच, आणि जीभ त्याहून लांब. त्याच्या परातीत पाणी ओतलं की ते नाहीसं झाल्यासारखं वाटे आणि आतलं चित्र तेवढं उरे. घुशीच्या मिशीवरचा थेंबसुद्धा त्यात वेगळा दिसे.

"जुने शिंपले चालतात का?" साळूने विचारलं.

"चालतात म्हणजे? शिंपल्याने सगळंच धरलेलं असतं, बाई. दाखवायचा आळस तुमच्या कुंडाचा. जे आजवर दिसलं नाही ते दिसेल."

मोबदल्यात त्याला हिवाळ्यासाठी साठवलेले सगळे कंद हवे होते. शिवाय एक अट होती: जुनं कुंड त्याच्यासमोर फोडायचं. "घरात दोन्ही असली की लोक जुन्याकडेच वळतात," तो म्हणाला. हेही तो खरंच बोलला.

साळू अडखळली. कंदांचं तिला फार वाटलं नाही. उपाशी राहायला ती भीत नव्हती. पण ते कुंड साळिंदराने स्वतः थापून उन्हात वाळवलं होतं आणि काठावर त्याच्या बोटांचे ठसे होते. शिवाय परातींनी टेकडीवर चालवलेला गोंधळ ती बघत होती. सशाने परात घेतली आणि आठवड्याभरात नवराबायकोचं बोलणं बंद झालं. खारीने घेतली तेव्हा तिला कळलं की तिच्या लग्नात वऱ्हाडी काय बघून हसत होते. साळूने खंड्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि दोन दिवस कुंडाच्या काठावरून बोटं फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी मुंगूस तिच्या दारात आला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, परात घेऊ नका."

साळूला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. "का रे? घाम फुटला?"

"आहे ते अंधुकच राहू दे. तुम्हाला मी नकोसा झालोय ना? मी जातो. आजच टेकडी सोडतो."

"असा गुपचूप नाही जाऊ द्यायची तुला," साळू म्हणाली. "सगळ्यांच्या देखत घालवीन. तुझ्या तोंडावरचा केस न् केस दिसला पाहिजे मला, पंजा मागे घेताना."

मुंगूस लंगडत निघून गेला, आणि साळूचं ठरलं.

तिने कुंड आपल्या हाताने दगडावर आपटलं. खापऱ्या दारातच पडू दिल्या. खंड्या कंद घेऊन उडाला, आणि साळूने घरोघर निरोप धाडला: उद्या दुपारी माझ्या बिळाशी या, मुंगसाचं तोंड बघायला.

दुसऱ्या दिवशी सगळे यायच्या आधी तिने परात भरली. नेमकं कुठे बोट दाखवायचं ते आधी ठरवून ठेवावं, एवढाच तिचा बेत होता. तिने शिंपला सोडला.

साळिंदर आला. भिजलेला, दमलेला, नाकपुड्यांत पाणी गेलेलं. चार वर्षांत तिने त्याचा चेहरा पाहिला नव्हता, नुसता डाग पाहिला होता. तो घाबरलेला नव्हता. काठावर कुणी ओळखीचं दिसल्यासारखा हसत होता.

मग तिने जाळीकडे पाहिलं. करवंदीचे काटे असे नसतात. हे लांब होते, सरळ होते, आणि एकेकावर काळे-पांढरे पट्टे होते. जाळी थरथरत होती. जाळीखाली दोन आखूड पाय चिखलात रुतले होते.

साळूंची रीतच अशी आहे. भय वाटलं की त्याच्याकडे पाठ करायची आणि काटे उभे करायचे. आई पिल्लाला चालायला शिकवण्याआधी हे शिकवते.

साळिंदराने त्या पाठीला धरलं. काटे त्याच्या तळव्यातून आरपार गेले. त्याने आधी आपल्या पंजाकडे पाहिलं, मग त्या पाठीकडे, आणि तोंड उघडून काहीतरी हाक मारली. शिंपल्यात आवाज नसतो. पाठ वळली नाही. पलीकडून मुंगूस धावत आला आणि वळसा घालण्याइतका वेळ नव्हता म्हणून त्याने सरळ काट्यांमधून हात घातला. एक काटा त्याच्या पंजात घुसून मोडला. पंजा आपोआप मागे आला. पुढे नुसतं पाणी, आणि ते इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत.

साळूने शिंपला काढला आणि पुन्हा सोडला. मग पुन्हा सोडला. जिभेवर कंदांची चव शोधून पाहिली. ती लागली नाही.

बाहेर बोलणी ऐकू येऊ लागली. टेकडी चढून सगळे येत होते, आणि मजा बघायला येणाऱ्यांची पावलं नेहमी लवकर पडतात. साळू दाराशी गेली. कुंडाच्या खापऱ्या तिने पायाखाली घेऊन चुरल्या. ज्या खापरीवर बोटांचे ठसे होते तीही चुरली. ओंजळ भरून तो भुगा तिने परातीत टाकला आणि नखांनी ढवळत राहिली. साळिंदराचा डाग झाला. काट्यांवरचे पट्टे गेले. शेवटी काठावर एक काळी, मुकाट करवंदीची जाळी उरली.

ज्याच्यावर आरोप असेल त्याने आधी आत जायचं, असा शिरस्ता होता. मुंगूस आत आला. त्याने परातीतलं तांबडं पाणी पाहिलं, मग साळूची तांबडी नखं पाहिली. साळूने भिंतीकडे तोंड केलं.

"पंजा मागे घेतलाय," ती भिंतीशीच बोलली. "एवढं तरी दिसतंय ना? सांग सगळ्यांना."

"दिसतंय," मुंगूस म्हणाला.

त्याच्यामागून कासव आत सरकलं. त्याने परातीवर मान लांब केली आणि बराच वेळ डोळे मिचकावले. "मला तर तेच दिसतंय. जाळी, आणि पंजा," ते पुटपुटलं. मग मान वर करून त्याने बिळाच्या अंधारात, भिंतीकडे पाहिलं.

"आणि ही करवंदीची जाळी गं?" त्याने विचारलं. "ही घरात कधी उगवली?"

मुंगसाने वाकडा पंजा पोटाशी धरला आणि तो साळूच्या उभ्या काट्यांपासून दोन पावलं मागे सरकला.